नैऋत्येचं तळं

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॅनडातल्या एडमंटनमधल्या नकाशे करणाऱ्या एका लहान कंपनीत मी नोकरीला होते. माझे सीनियर एक मराठी काका होते. नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली होती, त्यामुळे मी त्यांच्यापुढे मान वर करत नसे.

एका उन्हाळ्यात आम्हा दोघांना उत्तरेकडच्या एका निर्जन बेटावर पाठवलं. एका क्लायंटला तिथे कॅम्प उभारायचा होता. झाड नाही, झुडूप नाही. पाऊल टाकलं की ओलं शेवाळ खाली दबायचं आणि हातभर खाली जमीन दगडासारखी गोठलेली. भेगांनी तिचे बहुकोनी तुकडे पडलेले. काकांचा गुडघा पहिल्याच दिवशी सुजला. ते तंबूत बसले आणि तीन आठवडे मी एकटीने सगळा किनारा पायी तपासला.

परतल्यावर त्यांनी माझ्या वहीची झेरॉक्स मागितली. मी शेवटच्या दिवसाचं पान सोडून बाकीची दिली. ते पान मला नीट उतरवून द्यायचं होतं, मुद्दाम मागे ठेवलं नव्हतं. तोवर तरी.

दिवाळीच्या कार्यक्रमात काका वीसेक लोकांसमोर ते बेट कसं पालथं घातलं ते सांगत होते. माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही होती ना सोबत. चहा फार छान करायची."

सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात रिपोर्ट पाहिला. त्यावर एकच नाव होतं, त्यांचं. ते पान मी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

वसंतात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन झालं. काकांनी नैऋत्येच्या तळ्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, "कॅम्पला पिण्याचं पाणी इथून."

मी हात वर केला. "सर, मोठ्या भरतीला तिथे समुद्र आत येतो, हे तुम्ही पाहिलंत का?"

"ते गोड्या पाण्याचं तळं आहे," ते म्हणाले.

मी ते पान आणि दोन फोटो टेबलावर ठेवले. एकात तळं आणि समुद्र यांच्यामधला दगडगोट्यांचा कोरडा बांध, दुसऱ्यात त्याच बांधाच्या खिंडारातून आत घुसलेलं समुद्राचं पाणी. क्लायंटने विचारलं, "हे फोटो कोणी काढले?"

"मी. तिथे चालत मी गेले होते. सर तंबूत होते."

काकांचा चेहरा उतरत गेला आणि मी तो शेवटपर्यंत पाहिला. नजर वळवावी असं एकदाही वाटलं नाही.

प्रोजेक्ट माझ्याकडे आला. पुढच्या उन्हाळ्यात बेटावर मी दुसऱ्या टीमबरोबर गेले. काकांनी लवकर रिटायरमेंट घेतली. काही महिन्यांनी ते ग्रोसरीत भेटले, भाजीच्या रांगेपाशी.

"मला आधी एकटीने येऊन सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी दुरुस्त केलं असतं."

"हो, केलं असतंत," मी म्हटलं. "तुमच्याच नावावर."

ते ट्रॉली ढकलत पुढे गेले. मी मेथीची जुडी निवडत राहिले. लोक म्हणतात अशा गोष्टींचा पुढे पश्चात्ताप होतो. मला अजून झालेला नाही.