स्टॉपर काढलेले स्केट्स

मुलीचा उजवा घोटा वर्षभरात दोनदा मुरगळला. दोन्ही वेळा वसईतल्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर, रोलर हॉकी खेळताना. दुसऱ्या वेळी तिच्या आसपास कुणी नव्हतंही. ती नुसती वळली आणि खाली बसली.

तेव्हा ती नुकतीच अकरावीत गेली होती. आम्ही तिथून जवळच, आचोळ्याला राहायचो. मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो, ड्युटी दुपारनंतरची. बायकोची नोकरी सरकारी कार्यालयात, ती सकाळी लवकर बाहेर पडायची. त्यामुळे घोट्याचं पुढचं सगळं माझ्याकडे आलं.

रोलर हॉकी म्हणजे चार चाकांचे स्केट्स घालून, वाकड्या काठीने चेंडू मारत खेळायची हॉकी. डोंगरात बर्फावर खेळतात ती आइस हॉकी वेगळी, तिथे स्केट्सना चाकांऐवजी पातं असतं. पण बर्फावर खेळणारे आपल्याकडे थोडे, म्हणून तिथल्या हिवाळी शिबिराला सपाटीवरच्या रोलरवाल्यांनाही बोलवत. शाळेत पीटी शिकवणाऱ्या आणि हॉकीचा संघ सांभाळणाऱ्या मिसना त्या वर्षी एक मुलगी पाठवायची होती. त्यांच्या मनात आमची होती. शिबिराला जाणं यापलीकडे मुलीला त्या वर्षी दुसरं काही दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी सूज उतरल्यावर पाय बरा झाल्याचं सांगितलं होतं. मिसना ते मान्य नव्हतं. त्यांनी मुलीला कोर्टावर अनवाणी, एका पायावर, डोळे मिटून उभं केलं. डाव्या पायावर ती आरामात उभी राहिली. उजव्यावर लगेच डुलायला लागली आणि तिने मिसचा खांदा धरला.

मिसचं म्हणणं असं, की घोट्याचं दुखणं गेलं, पण पाय नेमका कसा पडलाय हे आतून मेंदूला कळतं, ते कळणं मंदावलंय. पाय वाकडा पडल्याची खबर पोचेपर्यंत पाय मुरगळून झालेला असतो. आवृत्ती छापायला गेल्यावर बातमी येते, तसा हा प्रकार मला वाटला.

"शिबिराच्या आधी मी हिला तपासणार," मिस म्हणाल्या. "पाय सावरला नाही तर दुसरी मुलगी जाईल. तिसऱ्यांदा गेला ना, की बर्फ राहू दे, इथलं सिमेंटसुद्धा विसरायचं."

मुलीने मान हलवली.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर. स्केट्सची चाकं गच्चीवर चालणार नाहीत, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं. मिसनी सांगितलेल्या व्यायामांना चाकांची गरजही नव्हती. गोधडीची घडी करून तिच्यावर एका पायाने उभं राहायचं. मग डोळे मिटून. मग फळीखाली पाईपचा तुकडा घालून त्या हलत्या फळीवर. पाण्याच्या टाकीच्या पायरीवरून खाली उडी घ्यायची आणि उतरताना गुडघा आत पडू द्यायचा नाही. या सगळ्यात माझं काम एकच: ती एका पायावर उभी असताना तिला ढकलणं. कधी डावीकडून, कधी मागून, न सांगता. खेळात धक्का सांगून येत नाही, तर सरावातही येऊ नये, असा हिशेब.

रात्री उशिरा कामावरून आलेल्या माणसाला सकाळी हे काम जड जातं. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मुलगी उभी राहते, मी ढकलतो, ती हलते, पुन्हा उभी राहते. काल आणि आज यांत फरक दिसत नसे. अनेकदा मी वाळत घातलेल्या पापडांकडे बघत उभा असे आणि ती चिडून म्हणे, "बाबा, ढकला ना. झोपलात का?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकदा हे पाहिलं आणि संध्याकाळी बायकोला जिन्यात गाठून विचारलं, की साहेबांचं घरात काही बिनसलंय का, तरण्या पोरीला गच्चीत नेऊन धक्के देत होते. बायकोने त्यांची समजूत काढली. मग घरात येऊन मला म्हणाली, "मुलीला सांभाळणारे बाप ऐकले होते. पाडायला रोज उठणारा पहिलाच."

काही आठवड्यांनी मिस गच्चीवर आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही ढकलायच्या आधी श्वास ओढता," त्या मला म्हणाल्या. "ती पायावर नाही उभी राहत. तुमचा श्वास ऐकून तयारी करते."

मुलगी हसली. तिला ते ठाऊक होतं. पुढे तिच्याकडे टेनिसचा चेंडू टाकायचा आणि ती झेलायला गेली की ढकलायचं, असं ठरलं. पहिले काही दिवस चेंडू गच्चीवरून खाली जात राहिला आणि दरवेळी तो आणायला मी चार मजले उतरलो.

रविवारी सुट्टी असावी अशी माझी अपेक्षा होती. मिसनी रविवारसाठी उंचसखल जमीन सांगितली. बायकोची आत्या वसईजवळच्या होळी गावात राहायची, तिची भाजीची वाडी होती. मुलगी तिथे बांधावरून अनवाणी चालायची. आत्या पालक खुडता खुडता ओरडायची, "पानी सोडलंय गो तिकडं. पडलीस तर पड, पन माझ्या पालकावर नको."

शिबिराला महिना राहिला तेव्हा मिसच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. आदल्या वर्षी त्यांनी पाठवलेली मुलगी हनुवटीला टाके घालून परतली होती. ती कशी पडली, हे मिसनी तिला पुन्हा बोलावून खोदून विचारलं. थांबा म्हटल्यावर तिने टाच उचलली होती आणि चवडा दाबला होता. चार चाकांच्या स्केटला पुढे रबराचा स्टॉपर असतो. आमच्याकडची प्रत्येक मुलगी लहानपणापासून तोच टेकवून थांबते. पात्याला तिथे काहीच नसतं. बर्फावर थांबायचं तर दोन्ही पाय आडवे घालावे लागतात. म्हणजे आपली कुठलीही मुलगी गेली तरी पहिल्याच दिवशी अशीच तोंडावर पडणार, कारण तिचे पाय विचारायला थांबणार नाहीत.

मिसनी पाना घेऊन मुलीच्या स्केट्सचे स्टॉपर काढले आणि आपल्या पर्समध्ये टाकले. बाकीच्यांचे तसेच ठेवले. पुढचे पंधरा दिवस संघातल्या मुली तिला "बिनब्रेकची एसटी" म्हणत होत्या. ती भिंतीवर आदळायची, हात खरचटून घ्यायची, टाच उचलायची, आठवलं की खाली टेकवायची. घोटा दुखतोय का, हे मी रोज विचारायचो. तिने नंतर नंतर उत्तर देणं सोडून दिलं.

तपासणीच्या दिवशी मी कोर्टाच्या कडेला उभा होतो. मिसनी तिला डोळे मिटून उभं केलं, ढकललं, उड्या मारायला लावल्या, शेवटी वेगाने येऊन थांबायला सांगितलं. ती पाय आडवे घालून थांबली. थोडी घसरली. मिस म्हणाल्या, "जा." एवढंच. मुलगी पाण्याची बाटली शोधायला गेली. मला फक्त आता सकाळी झोपता येईल, एवढं वाटलं.

शिबिरातून तिचा फोन आला, एसटीडी बूथवरून. मैदानी भागातून आलेल्या सगळ्या मुली पहिल्या तासाला ओळीने तोंडावर पडल्या. तिथल्या मुली हसल्या. ही पडली नाही, पण नीट थांबलीही नाही. सरळ कडेच्या फळ्यांवर जाऊन आदळली, आणि मागून येणारी तिच्यावर.

"उजवा पाय पूर्ण आत गेला, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, संपलं. पण तो आपला आपण परत आला. मी काही केलंच नाही."

मी तिला स्वेटर घालायला सांगितलं आणि फोन ठेवला.

शिबिराच्या शेवटी संघासाठी झालेल्या निवडीत तिचं नाव नव्हतं. तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितलं, की तोल चांगला आहे, पण वेग नाही. ही पडायचं टाळते. परत आल्यावर ती काही दिवस उशिरापर्यंत झोपून राहिली. मीही. स्केट्स पलंगाखाली होते. खेळ सोडायचा का, असं बायकोने एकदा विचारलं, त्यावर मुलीने कूस बदलली.

एका संध्याकाळी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी तिला मिसकडे घेऊन गेलो. मिसनी आधी तिचा बूट काढायला लावला. घोटा दोन्ही हातांनी दाबून, फिरवून पाहिला.

"मिस, मला घेतलं नाही," मुलगी म्हणाली.

"कळलं मला."

"ते म्हणाले, मी पडायला घाबरते."

"घाबरतेस?"

मुलीने घोट्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. तिसऱ्यांदा जाईल म्हणून."

"गेला?"

"नाही."

मिसनी घोटा सोडला आणि हात पुसले. पाय सावरायला शिकला, आता त्याच्यावर विश्वास टाकायला हिने शिकायचं, त्याला आणखी वर्ष जाईल, असं त्या मुलीऐवजी माझ्याकडे बघून म्हणाल्या. आणखी एक वर्ष म्हणजे काय, हे मला नीट माहीत होतं.

मुलगी बुटाची नाडी बांधत होती. वर न बघता तिने विचारलं, "सोमवारपासून?"

"सोमवारी शाळेला सुट्टी आहे," मिस म्हणाल्या. "मंगळवारी ये."