विहिणीशी बोलायला दुभाषा नको

कौमुदीला एखादी गोष्ट जमणार नाही असं सांगणं म्हणजे ती करून दाखव असं सांगणंच. इथे आखातात, सलवामध्ये तिची शेजारीण असल्यामुळे मी असले सल्ले देणं केव्हाच सोडलं आहे.

तिच्या आदित्यचं एलिफशी जमलं. एलिफ तुर्की, इथल्याच एका दवाखान्यात दंतवैद्य. मुलगी गुणी, पण तिने साफ सांगितलं होतं, आईने हो म्हटलं नाही तर लग्न नाही. आई, नुरहानबाई, इझमीरला एकट्या राहायच्या. नवरा गेलेला, मुलगी एकुलती एक, आणि तुर्कीशिवाय दुसरी भाषा येत नाही.

"एलिफ ट्रान्सलेट करेल ना, आई," आदित्य म्हणाला.

"विहिणीशी मी दुभाषा लावून बोलू? काहीतरीच!"

बँकेतून आली की ती फोनवर तुर्कीचे धडे लावून पोळ्या लाटायची. एकदा मला जिन्यातच गाठलं. "अगं, हे तर आपलंच आहे! एव म्हणजे घर. एवदे, घरात. एवदेन, घरातून. शाळेत घोकल्या त्याच विभक्त्या!" फरक एवढाच, की ते लोक 'माझं'सुद्धा शब्दालाच चिकटवतात. एविम, माझं घर. एविमिझदे, आमच्या घरात. हे माझं-तुझं लाटण्याच्या तालावर इतकं चालायचं, की तिचे यजमान चंद्रहासभाऊजी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून सुटले की थेट आमच्याकडे चहाला यायला लागले. "घरात प्रत्यय फार झालेत, वहिनी," म्हणायचे.

एका शुक्रवारी नुरहानबाई आल्या. मीही तिथे होते, एलिफ हळूच मला अर्थ सांगत होती. कौमुदीने दारातच तुर्कीत स्वागत केलं आणि बाई खुलल्या. पुरणपोळी झाली, कॉफी झाली. मी मनात म्हटलं, जमलं. मग कौमुदीने मुलाची आई लग्नघरात हक्काने म्हणते ते वाक्य तुर्कीत, एकही प्रत्यय न चुकता ठणकावलं, "तुमची लेक आता आमची झाली हं. तुमची राहिली नाही."

आपल्याकडे यावर मुलीची आई डोळे पुसत हसते. नुरहानबाईंनी कप खाली ठेवला, पर्स मांडीवर ओढली आणि मुलीला हळूच काहीतरी सांगितलं. एलिफचा चेहरा उतरला. "आई म्हणतेय, हॉटेलवर जाऊ या."

मला कौमुदीचा रागच आला. एकट्या बाईला असं बोलायचं असतं? पण ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "माझ्या सासूबाई माझ्या आईला हेच म्हणाल्या होत्या," ती पुटपुटली. "आई हसली होती गं. मला वाटलं, खरंच हसली."

ती उठून नुरहानबाईंच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने त्यांचा हात धरला. आता पाठ केलेलं काहीच कामाचं नव्हतं. अडखळत, चाचपडत ती एवढंच म्हणाली, "एलिफ तुमचीच. माझा मुलगाही तुमचा."

नुरहानबाईंनी आदित्यला जवळ बोलावलं, त्याच्या केसांवरून हात फिरवला. "ओलुम," म्हणाल्या. म्हणजे, माझ्या मुला.

एलिफ रडायलाच लागली. मी मात्र कौमुदीकडे बघत होते. एवढी वर्षं आदित्यला असं म्हणण्याचा हक्क फक्त तिचा होता.

"बघतोस काय," ती आदित्यला म्हणाली, "आईच्या पाया पड."