जेवलास का?

मी आठवीत होते तेव्हा आमच्या सांगलीच्या घरातल्या वरच्या खोलीत केनियाहून आलेला एक विद्यार्थी राहायला आला. त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, पण खोली मिळत नव्हती. गल्लीतल्या दोघांनी तोंडावर नाही म्हटलं. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांनी त्याला ट्रंकेसकट घरी आणलं. "बदली झाली की लोक आपल्याला आधी आडनाव विचारतात. याला तेवढंही विचारलं नाही, नुसतं बघितलं," असं ते आईला म्हणाले.

आईचं माहेर कोयनेकडचं. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्याचं मराठी मात्र तिच्याच हाताखाली तयार झालं. तो कॉलेजातल्या सरांनाही "आवं सर, समजलं न्हाई" म्हणायचा.

पहिल्याच महिन्यात एक घोटाळा झाला. आमच्याकडे येताजाता कुणीही "जेवलास का?" विचारतं. त्याला वाटलं, हे आमंत्रणच. तो प्रामाणिकपणे "न्हाई" म्हणायचा आणि चपला काढून आत जायचा. एका रविवारी तीन घरी जेवून पोट धरून जिन्यात बसला.

आई हसून हसून बेजार झाली. "अरं, जेवलो म्हनायचं आन् फुडं चालाय लागायचं!"

तेव्हापासून तो सगळ्यांना "जेवलो" सांगू लागला.

दुसऱ्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, त्याला घरून पत्र आलं. ते घेऊन तो वर गेला. संध्याकाळी आईने खालूनच विचारलं, "जेवलास का रं?"

"जेवलो."

पण वरच्या स्टोव्हचा आवाज दिवसभर आला नव्हता. आई सरळ वर गेली आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन आली. त्याला लहानाचं मोठं केलेली मावशी गेली होती. पत्र यायला तीन आठवडे लागले, तोवर तिला मातीही देऊन झाली होती.

"तुमच्यात अशा वखताला काय करत्यात?" आईने विचारलं.

"सगळी येतात. बसतात. तिच्याबद्दल बोलतात. लय दिवस."

दुसऱ्या दिवशी आईने मला घरोघरी पाठवलं. दुपारी सात-आठ बायका येऊन सतरंजीवर बसल्या. खोली नाकारणाऱ्यांपैकी एकाची बायकोही आली, दाराशीच उभी राहिली. आईने सरकून तिला जागा दिली.

केनिया कुठे आहे हे एकीलाही माहीत नव्हतं. मावशी काय नेसायची, मारायची का, असं त्या विचारत राहिल्या. तो सांगत गेला. ती बाजारात केळी विकायची. ओढ्याला पाणी आलं की त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायची. एक म्हातारी गहिवरून "माय मरो..." म्हणाली आणि जीभ चावून गप्प झाली. पुढचं त्याला आईने कधीतरी शिकवलं होतं. "मावशी जगो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मोठ्याने रडला.

बायका चार दिवस येत राहिल्या. पाचव्या सकाळी तो आंघोळ करून खाली आला. "आता पुरं, मावशी. अभ्यास हाय," असं आईला म्हणाला. तोवर तो तिला काकू म्हणायचा.

त्या परीक्षेत तो गणितात नापास झाला. दुःखामुळे झालं असेल, असं वडील म्हणाले.

"कशाचं दुःख? सारा वखत कॅरम खेळतंय," म्हणत आईने त्याचा कॅरमबोर्ड महिनाभर आमच्या पलंगाखाली ठेवला.