चर्चच्या बंद खिडक्या

अन्याय झाला तो आमच्या गल्लीतल्या सुतारचाचांवर. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी, दुपारी साडेतीन वाजता. शहरातल्या एका चर्चमध्ये, खिडक्या बंद असताना. चर्चचं नाव लिहीत नाही; तिथल्या बाकांवर बसणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

बिबवेवाडीत त्यांचं पत्र्याचं दुकान. कोणीही आलं की चाचा आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघायचे, मग तोंडाकडे. "माणूस गुडघ्यापासून मोजायचा," म्हणायचे. "तोंड काय, खोटं बोलतं."

मी कामगार संघटनेची पत्रकं घेऊन गेलो की ठरलेला प्रश्न. "काय पत्रकवाले, आज कोणाची खुर्ची पाडली?"

"पाडणार आहोत, चाचा."

"पाडा. मोडू नका. दुरुस्तीला माझ्याकडेच यायची."

चर्चच्या बाकांचं काम आलं तेव्हा कमिटीने तयार ड्रॉइंग दिलं होतं. त्यातली गुडघे टेकायची फळी पाहून चाचा म्हणाले, "हे काढणारा कधी टेकलेला नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, तुमची प्रार्थना वेगळी, आमची वेगळी."

"प्रार्थना वेगळी असेल, साहेब. गुडघे तेच."

मग रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर नमुन्याचा बाक दाराशी ठेवून ते म्हाताऱ्या बायकांना टेकायला लावायचे. "मावशी, दुखतं कधी? टेकताना की उठताना?" सगळ्या म्हणाल्या, उठताना. चाचांनी फळी दोन बोटं वर घेतली आणि पुढच्या बाकाची पाठ वरून गोल केली, उठताना हाताला धरायला. ड्रॉइंगमध्ये हे कुठेच नव्हतं.

बाक आत बसवले आणि पॉलिश सुरू झालं. स्प्रेचं. ओल्या पॉलिशवर रस्त्याची धूळ बसेल, कबुतरं येतील, म्हणून सेक्रेटरींनी खिडक्या लावून घेतल्या.

"साहेब, एक तरी उघडी ठेवा."

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, मिस्त्री."

दोनाचे नऊ झाले. चाचा तोंडाला ओला रुमाल बांधून फवारत राहिले.

मंगळवारी मी गेलो. आत पाऊल टाकताच डोळ्यांतून पाणी आलं. म्हटलं, "चाचा, काम थांबवा."

"आणि अर्धे बाक चिकट ठेवू? शुक्रवारी लोक टेकणार त्यावर." एवढं वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी तिथे होतो. खिडकीची कडी हाताच्या अंतरावर होती. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं.

बुधवारी ते दोन बाकांच्या मधे पडले. पाचव्या दिवशी हॉस्पिटलातच वारले.

कमिटी म्हणते, त्यांना दमा आधीपासूनच होता. मी त्यांना सागाच्या फळ्या खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर नेताना पाहिलंय, आणि वर पोचल्यावर मलाच विचारताना, "दम लागला का?" तो दमा कमिटीला कुठे सापडला, ते त्यांनी सांगावं. मयताला मात्र कमिटीने मोठा हार पाठवला.

येत्या सोमवारी त्याच चर्चमध्ये कन्फेशनच्या, पापं कबूल करायच्या लाकडी खोलीचं पॉलिश सुरू होतंय. कारागीर दुसरा. खिडक्या त्याच, आणि लावून घ्यायचा हुकूमही तोच.

मेणबत्ती लावू नका. शोकसभा नको. हे वाचून नुसतं हळहळूही नका. त्या बाकांवर बसणाऱ्यांनो, सोमवारी सकाळी नऊला तिथे या, कोणाची परवानगी मागू नका, आणि खिडक्या उघडा.