राजा आणि बाह्या

मस्कतला आमच्या शेजारी फिलिपिन्सची मारिसेल राहते. काल ती सणासाठी नटून लिफ्टपाशी उभी होती. खांद्यांवर फुलपाखराच्या पंखांसारख्या ताठ, उंच बाह्या.

"याला फिलिपिनियाना म्हणतात," ती म्हणाली. "हा झगा, आमची पुस्तकं, गाणी, सगळ्याला तोच शब्द."

"आला कुठून हा शब्द?"

"आमच्या बेटांना स्पेनच्या एका राजाचं नाव दिलं, त्यातून. त्यानं बेटं कधी पाहिलीसुद्धा नाहीत."

मला उगाच त्या राजाचा राग आला. मारिसेल मात्र बाही सारखी करत हसली. "या बाह्या माझ्या आईनं शिवल्यात."

शब्द कुणाचाही असो, राहणारे त्यात आपलंच सामान भरतात.

लिफ्ट आली. बाह्या सांभाळत आम्ही दोघी कशाबशा आत मावलो. राजाला काही जागा उरली नाही.