अख्खा पदर

नोकरी सोडून मी जे. पी. नगरच्या घरातूनच काम करू लागले, तेव्हा माझ्याकडे एकच गिऱ्हाईक होतं: रेशमी साड्यांची नक्षी चौकटीच्या कागदावर काढणारे एक वयस्क विणकर. ते कागद संगणकावर उतरवण्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. काठ सुरेख उमटायचे. पण पदर उघडला की माझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क करकरत बसायची आणि पडदा गोठायचा.

लॅपटॉप जुना, अमेरिकेहून परतलेल्या एका स्नेह्याकडून घेतलेला. मेमरी अवघी आठ एमबी, पदराची भरगच्च नक्षी तिच्यात मावायची नाही. विणकरांनी सोमवारी यायचं ठरवलं होतं. "अर्धा पदर दाखवू नका," त्यांनी कानडीत बजावलं होतं, "अर्धा पदर कुणी नेसत नाही."

नवरा म्हणाला, "ऑफिसातल्या हार्डवेअरवाल्याला विचारतो, पुढच्या महिन्यात."

मी विचारत बसले नाही. मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं आणि पेन्सिल घेऊन वाचलं. मेमरीसाठी मोकळी जागा एकच. तिथे सोळा एमबीची पट्टी बसेल, नाहीतर बत्तीसची. सोळात पदर जेमतेम उघडला असता. त्यातला मोर फिरवायचा म्हटलं की गाडी पुन्हा अडली असती. म्हणजे बत्तीसच. आणि तीही जुन्या, ईडीओ जातीची. नव्या जातीची पट्टी दिसायला तशीच, बसतेही तशीच, पण या मशीनवर चालत नाही. चिपांवरचे चालणारे क्रमांक मी चिठ्ठीवर उतरवून घेतले.

शनिवारी सकाळी संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार, एस. पी. रोड गाठला. तीन दुकानांत मान हलवून नकार मिळाला. चौथ्या दुकानदाराने "सरी, सरी, आहे" म्हणत लगेच एक पट्टी पुढे केली.

"ही ईडीओ आहे?"

"बत्तीस म्हणजे बत्तीस, मॅडम. सगळ्या सारख्याच," तो हिंदीत म्हणाला. "तुम्ही साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो."

"साहेब याला हात लावत नाहीत. मशीन माझं आहे."

मी लॅपटॉप काउंटरवर पालथा ठेवला, बॅटरी काढली, स्क्रू सोडवला आणि त्याचीच पट्टी बसवली. सुरू केला. पडदा काळाकुट्ट.

"बघा, मशीनच गेलंय," दुकानदार म्हणाला.

पट्टी काढली, पुन्हा सुरू केला. लॅपटॉप आपल्या आठ एमबीवर निमूटपणे उठला.

"मशीन ठणठणीत आहे. पट्टी चुकीची आहे."

मागे उभी गिऱ्हाइकं मान उंचावून बघू लागली. मग "स्वल्प तडी, थांबा जरा" म्हणत दुकानदाराने फडताळातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत जुन्या लॅपटॉपांच्या काढलेल्या पट्ट्या होत्या. मी एकेक उजेडात धरून चिठ्ठीशी ताडत गेले. डबा जवळजवळ रिकामा झाला तेव्हा एक जुळली. बारीक अक्षरातला आकडा तीनदा वाचला.

बसवली. टक् असा आवाज झाला. पडद्यावर मेमरीचे आकडे पळू लागले: आठ हजार, सोळा हजार, थांबेचनात! चाळीस हजार ओलांडून ते स्थिरावले.

"आठ आणि बत्तीस, चाळीस!" मी मराठीतच ओरडले.

"अक्का, जिंकलात की!" मागून कुणीतरी निपाणीकडच्या मराठीत म्हणालं, आणि अख्खं दुकान हसलं. दुकानदारही हसला. मग त्याने माझी चिठ्ठी मागून घेतली आणि ते क्रमांक आपल्या वहीत नीट उतरवून घेतले.

सोमवारी विणकर आले. पदर उघडला, अख्खा, काठापासून काठापर्यंत. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याला नाक लावून बसले.

"मोराचं तोंड तिकडे करा."

मी केलं. पापणी लवायच्या आत मोर वळला.

ते बराच वेळ नक्षीच्या चौकटीतली घरं मोजत राहिले. "मानेत एक घर चुकलंय," म्हणाले. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. तेव्हा त्यांनी पिशवीतून कागदांची जाडजूड गुंडाळी काढली. त्यांच्या वडिलांनी काढलेले पदर होते ते, कडा पिवळ्या पडलेले. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते एकेक उलगडून पसरले आणि विचारलं, "यातला कुठला आधी घेताय?"