दाजी घरात कानडी बोलतात

बरीच वर्षं कथा लिहूनही मला स्वप्न लिहिता येत नव्हतं. माझ्या कथेतला माणूस झोपला की लगेच धुकं पसरायचं, काळी कुत्री मागं लागायची, विहिरीतून कुणीतरी हाक मारायचं. एका संपादकांनी कथा नाकारताना फोनवर सांगितलं, "भीती वाटत नाही हो. घाबरवायची तयारी तेवढी दिसते." राग आला, पण त्यांचं खरं होतं.

मग मला आक्काचं स्वप्न मिळालं. मिळालं कसलं, मी ते काढून घेतलं.

आक्का माझी थोरली बहीण, निपाणीला असते. दाजींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी बेळगावहून गेलो होतो आणि सकाळी ती गॅससमोर नुसतीच उभी होती. चहा उतू गेला तरी हलली नाही.

"काय गं, स्वप्न पडलं काय?"

"व्हय. रोजचंच."

"सांग की."

"न्हाय रं. सांगितलं की जातंय."

आमच्याकडं वाईट स्वप्न उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, वाहत्या नळाला सांगून टाकतात. सांगितलं की परत पडत नाही, असं आईपासून ऐकत आलोय. आक्का ते नळालाही सांगत नाही म्हणजे लाजत असेल, असं मी धरून चाललो. तिचं मन हलकं व्हावं म्हणून आग्रह करतोय, असं स्वतःला पटवलं. खरं म्हणजे एक कथा मधेच अडकली होती आणि मला स्वप्न हवं होतं. मी धरूनच बसलो. शेवटी तिनं सांगितलं.

दाजी चिकोडीच्या सरकारी कचेरीत होते. दिवसभर कानडी बोलून येत आणि उंबऱ्याच्या आत मराठीच, असा त्यांचा हट्ट होता. स्वप्नात ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेले असत. आक्का भाजी चिरत असे. ते मान वर करून, काउंटरवर आलेल्या माणसाला विचारावं तसं अगदी सभ्यपणे विचारत, "यारु बेकु?" कोण हवंय तुम्हाला? ती काही बोलू शकत नसे. ते वाट बघून पुन्हा खाली बघत. बस्स, एवढंच.

ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी कथेतली जागा दिसली. धुकं नको, कुत्री नकोत. घर घरासारखंच ठेवायचं, भाजीसुद्धा रोजचीच, आणि एकच गोष्ट हलवायची. स्वप्नातल्या माणसाला त्याचं नवल वाटता कामा नये, नवल वाचणाऱ्यानं करायचं. एवढं मला त्या सकाळी कळलं. आक्का पदरानं डोळे पुसत होती आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो.

कथा छापून आली. त्याच संपादकांचा फोन आला, "आता जमलं." मी आक्काला अंक पाठवला नाही.

यंदा आमच्या भागातल्या एका गावच्या संमेलनात कथाकथनाला बोलावलं. आयोजकांनी तीच कथा मागितली. आक्का आदल्या दिवशी आमच्याकडं आली, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं आणि म्हणालो, "तू नको म्हणालीस तर दुसरी वाचतो."

ती मटार सोलत होती. "वाचलीय मी. शेजारणीनं आणून दिलती. भावानं लिवलंय म्हणून पेढं मागत हुती."

"मग बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तुला सांगितलं त्या दिवसापासनं सपनात न्हाईत आलं ते." मग म्हणाली, "मला वळखत नव्हतं, पर दिसत हुतं रं."

वाईट स्वप्न कुणाला हवं असेल, हा विचारच मला शिवला नव्हता. स्वप्नावर मी पानंच्या पानं खरडली होती.

"वाच उद्या," ती म्हणाली. "तेवढं एक त्यांच्यागत म्हण."

मंडपात ती बायकांत पुढं बसली होती. ते वाक्य आलं तसं मी दाजींसारखं म्हटलं, "यारु बेकु?" सीमेवरची माणसं ती, सगळ्यांना कानडी येते आणि कचेरीतला तो सूरही ओळखीचा. मंडपभर हशा पिकला. मी पुढं वाचत राहिलो, पण तिच्याकडं बघायचा धीर झाला नाही. शेवटी टाळ्या झाल्या, शाल आली, नारळ आला.

परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती.

"त्यांचा आवाज एवढा मोठा नव्हता," ती म्हणाली.

"माईक होता गं."

"मग आता म्हण."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. मी हळू म्हटलं.

"न्हाय. अजून हळू."

मी पुन्हा म्हटलं. तिनं डोळे मिटले आणि मानेनंच नाही म्हणाली. मी आणखी एकदा म्हटलं.